‘निरंक’ या शेऱ्याविषयी एक खुले पत्र

प्रति,
कीटकनाशकांची नोंदणी, फेरतपासणी आणि वापरावरची देखरेख पाहणारी सर्व मंडळे, त्यांच्या तज्ज्ञ समित्या आणि विश्लेषण प्रयोगशाळा

विषय: वन्यजीवांच्या विषबाधेच्या रकान्यातला ‘निरंक’

महोदय, महोदया,

एखाद्या कीटकनाशकाच्या परवानगीची मुदत संपत आली की फेरतपासणीची फाइल फिरू लागते. त्या फाइलीत एक रकाना असतो: नोंदणीनंतरच्या काळात वन्यजीवांवर झालेले दुष्परिणाम. तिथे पुष्कळदा एकच शब्द असतो, निरंक. समितीच्या टेबलावर तो ‘काही मेले नाही’ असा वाचला जातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘कोणी कळवले नाही’ एवढाच असतो, आणि कोणी कळवले नाही कारण कोणी शोधायला गेलेच नव्हते. आमची तक्रार या एका शब्दाबद्दल आहे. तो कसा तयार होतो, शेतापासून प्रयोगशाळेपर्यंत कुठे कुठे पुरावा गळतो आणि त्या जागी काय लिहायला हवे, ते इथे तपशिलाने मांडतो.

आधी शेतातले पाहू. मेलेला लहान पक्षी शेतात किती वेळ पडून राहतो? अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान पक्ष्यांची कलेवरे मुद्दाम शेतांत ठेवून पाहिली गेली. पहिल्या २४ तासांत त्यांतली ६२ ते ९२ टक्के नाहीशी झाली होती. खोकड, मांजर, कावळा, घारी, मृतभक्षी भुंगे आणि मुंग्या यांच्या नजरेतून फारसे काही सुटत नाही. त्यातून विष चढलेला पक्षी उघड्यावर मरेलच असे नाही. तो आधी सुस्त होतो, आडोसा शोधतो आणि कुंपणाच्या झुडपात किंवा उभ्या पिकात जाऊन पडतो. फवारणीनंतर चार दिवसांनी पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला काही दिसले नाही, तर त्यावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही.

हा दोष आकड्यांत पकडता येतो. पाहणीच्या शेतात, त्याच हंगामात, खुणेची २० कलेवरे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी किती उरली ते मोजा. समजा ५ उरली, म्हणजे टिकण्याचे प्रमाण ०.२५. मग शोधणाऱ्या माणसाला न सांगता आणखी २० ठेवा आणि लगेच शोध घ्यायला लावा. समजा त्याला १० सापडली, म्हणजे सापडण्याचे प्रमाण ०.५. दोन्हींचा गुणाकार ०.१२५. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी त्या शेतात ६ मृत पक्षी मिळाले, तर मेलेल्यांचा अंदाज ६ भागिले ०.१२५, म्हणजे ४८. आणि एकही मिळाला नाही तर? त्या शेतात १० पक्षी मेलेले असतानाही एकही हाती न लागण्याची शक्यता ०.८७५ चा दहावा घात, म्हणजे २६ टक्के. चार वेळांतून एकदा, दहा पक्षी मरूनही, तुमच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले जाईल. सापडण्याचे प्रमाण मोजलेच नसेल, तर ही शक्यता किती हेही कोणाला सांगता येणार नाही.

या चाचणीतही चुका होतात. कुक्कुटपालनातली पिवळी पिल्ले खुणेची कलेवरे म्हणून वापरली, तर ती दुरूनच दिसतात आणि शोधणाऱ्याची कार्यक्षमता फुगते. एकाच जागी फार कलेवरे ठेवली, की मृतभक्षी एक तर तिथे ठाण मांडतात किंवा पोट भरून बाकीची सोडून देतात. दोन्ही प्रकारे आकडा बिघडतो. रंगाने आणि आकाराने स्थानिक पक्ष्यांशी जुळणारी, हातमोजे घालून हाताळलेली आणि पायाला नजरेत न भरणारी खूण केलेली कलेवरे वापरायची, एवढे पाळले तरी पुरे.

आता तुमच्या मंजुरीचा पाया असलेल्या चाचण्यांकडे येतो. पक्ष्यांसाठी त्या प्रामुख्याने लाव्यावर आणि मॅलार्ड बदकावर होतात. दोघेही बंदिस्त जागेत सहज वाढतात, हे त्यांच्या निवडीचे मोठे कारण. पण प्रयोगशाळेत नांदणारी जात रानातल्या सर्वांत नाजूक जातीचे प्रतिनिधित्व करील, याची हमी कोण देणार? डीडीटीने हा धडा ढळढळीतपणे दिला होता. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधल्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची अंडी मोजून दाखवली. पद्धत अगदी साधी होती: कवचाचे मिलिग्रॅममधले वजन भागिले लांबी आणि रुंदी यांचा मिलिमीटरमधला गुणाकार. हा निर्देशांक १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे १९ टक्क्यांनी घसरलेला निघाला. डीडीटीचे विघटन होऊन उरणारा डीडीई हा घटक कवचग्रंथीतला कॅल्शियमचा पुरवठा बिघडवतो, अंडे उबवणाऱ्या मादीच्या वजनाखाली फुटते आणि पुढची पिढी येत नाही. शिकारी पक्षी या परिणामाला अतिशय संवेदनशील आहेत, तर कोंबडी आणि लावा यांच्या कवचाला त्याचे फारसे काही वाटत नाही. निव्वळ लाव्यावर चाचणी केली असती, तर कवचाच्या रकान्यातही ‘निरंक’च आले असते.

मात्रेच्या चाचणीतही एक गोम आहे. तोंडावाटे मात्रा दिल्यावर पक्षी ओकतो, मॅलार्ड तर सहज ओकतो, आणि प्राणघातक मात्रा आहे त्यापेक्षा मोठी भासते. पाच दिवस औषध मिसळलेले खाद्य देण्याच्या चाचणीत पक्षी खाद्यच टाळतो. तिथे तो कमी विष खाऊन जगतो आणि अहवालात ‘धोका कमी’ अशी नोंद होते. स्थलांतराच्या वाटेवर उतरलेला, चरबी संपलेला पक्षी असा चोखंदळपणा करील हे गृहीत धरता येत नाही. ओकारीची आणि खाद्य टाळल्याची नोंद प्रत्येक पक्ष्यामागे, वेळेसकट मागा. गटाची सरासरी पुढे करून हे तपशील झाकले जातात, असा आमचा अनुभव आहे.

सरासरी हेक्टरी मात्रा ही दुसरी फसवी गोष्ट. पक्षी हेक्टर खात नाही, दाणा खातो. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची चिमणीसाठीची प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलोमागे ४१ मिलिग्रॅम आहे. चिमणी २८ ग्रॅमची धरली तर १.१५ मिलिग्रॅम झाले. बीजप्रक्रिया केलेल्या मक्याच्या एका दाण्यावर १ मिलिग्रॅमच्या आसपास औषध असू शकते. पेरणीयंत्र वळवताना बांधाशी सांडलेले आठ-दहा दाणे कोणत्याही हेक्टरी हिशोबात दिसत नाहीत. चिमणीला मात्र ते मूठभर दाणेच दिसतात. दाणेदार कार्बोफ्युरानचे असेच झाले. धान्य दळण्यासाठी पक्षी पेषणीत बारीक खडे साठवतात आणि कार्बोफ्युरानचा दाणा त्यांना खड्यासारखाच वाटतो. लहान पक्ष्याला असा एक दाणा पुरे होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता की या दाणेदार स्वरूपामुळे वर्षाला १० ते २० लाख पक्षी मरत असावेत. १९९० च्या दशकात तिथे हे स्वरूप टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले गेले.

बेडकांच्या वाट्याला तर स्वतःची चाचणीही आलेली नाही. मासा आणि पक्षी यांच्या आकड्यांवरून त्यांचा धोका ठरवला जातो. मासा बेडकाच्या पाण्यातल्या डिंभाच्या (शेपटीवाल्या पिल्लाच्या) जागी आणि पक्षी जमिनीवरच्या बेडकाच्या जागी. ज्या प्राण्याची त्वचा पाणी शोषते आणि श्वासही घेते, त्याच्या जागी पिसांनी झाकलेला पक्षी बसवणे आम्हाला कधीच पटले नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात साध्या बेडकाच्या पिल्लांवर सात औषधे शिफारशीच्या मात्रेत थेट फवारली. मृत्युदर २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत आला. त्यात पायराक्लोस्ट्रोबिन या एकाच बुरशीनाशकाची दोन तयार उत्पादने होती. ज्यात नॅफ्था हा द्रावक जास्त होता, त्याने तासाभरात सगळी पिल्ले मारली. कमी द्रावक असलेल्याने २० टक्के. सक्रिय घटक तोच! फाइलीत ज्याची चाचणी आहे तो शुद्ध घटक कोणीच फवारत नाही. शेतकरी बाटलीतले अख्खे मिश्रण फवारतो, द्रावक आणि चिकटवणाऱ्या-पसरवणाऱ्या पदार्थांसकट. उभयचरांसाठी तयार उत्पादनाची चाचणी हवी, हे आम्ही मागणी म्हणून नव्हे तर किमान अट म्हणून सांगतो.

एकाच टाकीत दोन औषधे मिसळली की आणखी गुंता होतो. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक स्वतः तितकेसे विषारी नाही. यकृतातली सायटोक्रोम पी-४५० ही विकरे (एन्झाइम) त्याचे मॅलॅऑक्सॉन करतात आणि तेच घातक असते. प्रोक्लोरॅझसारखी बुरशीनाशके या विकरांचे प्रमाण वाढवतात. ज्या पार्ट्रिज (तित्तिराच्या कुळातल्या) पक्ष्यांना आधी प्रोक्लोरॅझ दिले होते, त्यांना मॅलॅथिऑनची बाधा कितीतरी जास्त झाली, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे. सगळ्या जोड्यांची चाचणी अशक्य आहे, मान्य. पण ज्या जोड्या उत्पादक स्वतःच ‘एकत्र फवारता येते’ म्हणून लेबलावर छापतो, त्यांची तरी चाचणी मागता येईल.

आता समजा, हे सगळे ओलांडून एक ताजा मेलेला पक्षी कोणाच्या तरी हाती लागला. इथून पुढचे दोन दिवस निकाल ठरवतात आणि आमच्या मते सर्वाधिक पुरावा याच टप्प्यावर वाया जातो, तोही प्रामाणिक माणसांच्या हातून.

ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन्ही गटांतली औषधे मेंदूतले ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. प्रयोगशाळेत मेंदूचा तुकडा थंड बफरमध्ये वाटून त्यात ॲसिटिलथायोकोलीन हे विकराचे खाद्य आणि डीटीएनबी हे रंग दाखवणारे रसायन घालतात. विकर जिवंत असेल तर द्रावण पिवळे होत जाते. ४१२ नॅनोमीटरवर ते किती वेगाने गडद होते, त्यावरून क्रियाशीलता काढतात. सामान्य पक्ष्यापेक्षा ती २० टक्क्यांनी कमी असेल तर औषधाचा संपर्क आला असे मानतात. ५० टक्क्यांहून कमी झाली असेल तर मृत्यूचे कारण म्हणून स्वीकारतात. हे निकष १९७५ पासून वापरात आहेत.

ऐकायला सोपे वाटते, पण ‘सामान्य’ म्हणजे कोणाच्या तुलनेत? प्रत्येक जातीच्या मेंदूतली मूळ क्रियाशीलता वेगळी असते. कबुतराचा आकडा घारीला लावता येत नाही. काचेवर आपटून किंवा वाहनाखाली मेलेल्या त्याच जातीच्या आठ-दहा पक्ष्यांचे मेंदू उणे ८० अंशांना आधीपासून साठवलेले असतील, तरच तुलना उभी राहते. असा साठा नसलेल्या प्रयोगशाळेने दिलेला ‘मर्यादेत’ हा शेरा आम्ही विचारातच घेत नाही.

दुसरी अडचण कार्बामेटची. त्याचा विकराशी जडलेला बंध सैल असतो आणि आपोआप सुटतो, पक्षी मेल्यावरही. कलेवर दोन दिवस उबदार गाडीतून आले, तर वाटेतच विकर पुन्हा कामाला लागते आणि टेबलावर आकडा सामान्य येतो. विषाने मेलेला पक्षी कागदावर निरोगी ठरतो. यावर उपाय एकच: कलेवर ताबडतोब गार करणे, मेंदू काढल्यावर लगेच गोठवणे आणि वाटलेला नमुना ताटकळत न ठेवणे. हाच सैलपणा उलटा वापरता येतो. नमुन्याचे दोन भाग करा. एकाची क्रियाशीलता लगेच मोजा, दुसरा ३७ अंशांना ठेवून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर कार्बामेट. चढला नाही तर प्रॅलिडॉक्सिम हा ऑरगॅनोफॉस्फेटवरचा उतारा घालून पाहा. आता चढला तर ऑरगॅनोफॉस्फेट. दोन्हींनी चढला नाही, तर औषधाचा बंध जुना होऊन पक्का झालेला असू शकतो. अशा वेळी अन्नपिशवीतल्या ऐवजाचे रासायनिक विश्लेषण हाच मार्ग उरतो. मेंदू सडलेला असेल तर क्रियाशीलता नुसत्या सडण्यानेही घसरते, तेव्हा अशा नमुन्यावरून विषबाधा झाल्याचे सांगू नये. खोटा होकार तुमच्या फाइलीत शिरला तर उत्पादकाचा वकील पुढच्या दहा खऱ्या घटनाही खोडून काढील.

नमुना कशात बांधायचा यावरही बरेच अवलंबून असते. ऑरगॅनोक्लोरीन (डीडीटीच्या गटातले औषध) तपासायचे असेल तर प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यातले थॅलेट विश्लेषणात अडथळा आणतात. द्रावकाने धुतलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून काचेच्या बाटलीत ठेवावे. धातू तपासायचे असतील तर नेमके उलट: धातूचा कागद नको, स्वच्छ प्लास्टिक हवे. उंदीरनाशकासाठी यकृत घ्या, रक्त नको. ब्रोडिफॅकम हे उंदीरनाशक यकृतात महिनोन्‌महिने टिकते, रक्तातून मात्र लवकर उतरते. हे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस फिरत राहतो, पुन्हा आमिष खातो आणि गव्हाणी घुबडाच्या तोंडी जाईपर्यंत स्वतःला लागणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त विष पोटात बाळगतो. निओनिकोटिनॉइडचे, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या औषधांचे, उलट आहे. ती पक्ष्याच्या शरीरातून झपाट्याने बाहेर पडतात, म्हणून तीन दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात ती न मिळणे म्हणजे संपर्क आला नव्हता असे नाही. अन्नपिशवीतले दाणे मोजा, रंगासह त्यांचा फोटो काढा (बीजप्रक्रियेचा लाल, हिरवा किंवा निळा रंग बहुधा ओळखू येतो), मग ते वेगळ्या बाटलीत गोठवा.

आणि अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहून कधीच थांबू नका. किती पातळीपर्यंत मोजता येत होते, तो आकडा शेजारी हवा. दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत पाहणाऱ्या उपकरणाचा आणि १ मिलिग्रॅमच्या खाली आंधळ्या असलेल्या उपकरणाचा ‘आढळले नाही’ हा शेरा दिसायला सारखाच असतो.

यंत्रणेशिवायही मोठ्या घटना उघडकीला येतात, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. येतात, पण कशा ते पाहा. उत्तर अमेरिकेत वीण करणाऱ्या स्वेन्सन हॉक या शिकारी पक्ष्यांची संख्या काही भागांत का घटते आहे, ते कळत नव्हते. काही पक्ष्यांवर उपग्रह प्रेषक बसवले गेले आणि त्यांच्या मागावर संशोधक अर्जेंटिनाच्या पंपा प्रदेशात पोचले. तिथे टोळांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारले जात होते. पक्षी फवाऱ्याखाली सापडले होते आणि त्यांनी विषारी टोळही खाल्ले होते. १९९५-९६ च्या उन्हाळ्यात काही मोजक्या ठिकाणीच सुमारे ५,००० कलेवरे मोजली गेली. एकूण २०,००० पक्षी मेले असावेत असा अंदाज बांधला गेला. प्रेषक बसवले नसते तर त्या रकान्यात काय लिहिले गेले असते, हे वेगळे सांगायला नको.

गिधाडांची गोष्ट आणखी बोलकी आहे. दक्षिण आशियात गिधाडे पटापट नाहीशी होत असताना बराच काळ संशय संसर्गजन्य रोगावर होता. ताजी कलेवरे पुरेशी मिळाली आणि मूत्रपिंडे नीट तपासली गेली, तेव्हा कारण सापडले. अवयवांवर युरिक ॲसिडचा चुन्यासारखा पांढरा थर आणि मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक. गुरांना दिले जाणारे वेदनाशामक! हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदीची पावले उचलली. गणिताने दाखवले होते की गिधाडांना उपलब्ध असलेल्या गुरांच्या मढ्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी मढ्यांत घातक मात्रा असली, तरी एवढी घट होऊ शकते. शंभर मढी तपासून एकही दूषित मिळाले नाही म्हणून निर्धास्त होणारी कोणतीही तपासणी इथे सहज फसली असती.

प्राणघातक नसलेल्या मात्रेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे कलेवरच नसते आणि म्हणून शोधही वेगळा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या प्रयोगात स्थलांतरावर निघालेल्या पांढऱ्या शेंडीच्या स्पॅरोंना इमिडाक्लोप्रिड दिले गेले. जास्त मात्रेच्या गटाचे, म्हणजे किलोमागे ३.९ मिलिग्रॅम घेतलेल्यांचे, वजन सहा तासांत ६ टक्क्यांनी उतरले. हे पक्षी पुढच्या प्रवासाला इतरांपेक्षा साधारण साडेतीन दिवस उशिरा निघाले. एकही मेला नाही. विणीच्या जागी साडेतीन दिवस उशिरा पोचणाऱ्याला उरलेली घरट्याची जागा मिळते आणि पिल्लांसाठी किड्यांचा हंगामही थोडा पुढे सरकलेला असतो. हे नुकसान फक्त विणीच्या आकड्यांत दिसेल. ग्रे पार्ट्रिजच्या बाबतीत तर विष पक्ष्याच्या अंगात गेलेही नाही. तणनाशकाने तण गेले, तणावरचे किडे गेले आणि आयुष्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत किड्यांवरच वाढणारी पिल्ले उपाशी मेली. ब्रिटनमध्ये पिकाच्या कडेची सुमारे सहा मीटरची पट्टी अंशतः न फवारता ठेवल्यावर पिल्ले जगण्याचे प्रमाण सुधारले. इतका स्वस्त आणि तपासलेला उपाय लेबलाच्या अटींत का येत नाही, याचे उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही.

पाण्याच्या नमुन्यांबद्दल एकच आक्षेप. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला बाटली भरून आणायची पद्धत कीटकनाशकांसाठी निरुपयोगी आहे. फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसात ओढ्यातली पातळी काही तासांत चढते आणि उतरते. त्या तासांत तुमची बाटली तिथे नसेल तर वर्षाचे बाराही नमुने स्वच्छ येतील. ओढ्याची पातळी वाढताच आपोआप नमुना घेणारे साधन लावा, किंवा निदान तारखेऐवजी पावसावर नमुना बांधा.

शेतीतली काही विषे कोणाच्याही नोंदणीत येत नाहीत, तीही लक्षात असू द्या. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात १९८३ मध्ये चोच आणि डोळे नसलेले भ्रूण अंड्यांत सापडले. कारण फवारा नव्हता. सिंचनाने जमिनीतून धुऊन आलेले सेलेनियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर तिथे साठत गेले होते. औषधांची यादी घेऊन तिथे जाणाऱ्याला ‘निरंक’च लिहावे लागले असते.

तर मग रकाना कसा असावा? ‘घटना’ या शब्दाच्या आधी चार आकडे भरून घ्या: किती हेक्टर शोधले, फवारणीनंतर किती तासांनी शोधले, कलेवर टिकण्याचे प्रमाण किती आले आणि शोधणाऱ्याची कार्यक्षमता किती. यांतला एकही आकडा नसेल तर तिथे ‘शोध घेतला नाही’ असे लिहा. हा शेरा लाजिरवाणा वाटेल, आणि तो वाटावाच. ज्या उत्पादनाच्या फाइलीत तो असेल त्याला पूर्ण मुदतीची नव्हे, अल्प मुदतीची, शोधाच्या अटीसह परवानगी द्या. शोधाचा खर्च उत्पादकाने द्यावा, पण शोधणारी माणसे त्याने निवडू नयेत.

प्रत्येक घटनेपुढे ती शिफारशीप्रमाणे केलेल्या वापरातून घडली, निष्काळजी वापरातून, मुद्दाम घातलेल्या विषातून की कारण कळले नाही, हे वेगवेगळे नोंदवा. ब्रिटनची घटना-तपास योजना असे वर्गीकरण करते. हे वेगळे केले नाही तर सगळे मृत्यू ‘गैरवापर’ या एका खुंटीला टांगले जातात. शिफारशीप्रमाणे फवारूनही जे मरते, तेच तुमच्या मंजुरीला प्रश्न विचारत असते. आणि कळवणाऱ्या शेतकऱ्यावर लगेच कारवाईचा बडगा उगारू नका. लेबल पाळूनही पक्षी मेले हे सांगायला आलेला माणूस तुमचा सर्वांत मोलाचा साक्षीदार आहे. पहिल्यालाच नोटीस गेली की दुसरा येत नाही, कलेवर बांधावरच पुरले जाते.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागते हेही खरे नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून लोकांना सापडलेले मृत शिकारी पक्षी गोळा करून त्यांच्या यकृतातली औषधे मोजली जात आहेत. एक पत्ता, एक गोठवणी, नमुन्याचा एक कागद आणि पाठवणाऱ्याला निकाल कळवण्याची शिस्त, एवढ्यावर दशकांची मालिका उभी राहिली. निकाल कळवायचे विसरू नका, आपल्या पक्ष्याचे काय झाले हे कळले नाही तर माणूस दुसरा पक्षी पाठवत नाही.

आपले,
वन्यजीव विषशास्त्रात काम करणारे काही जण

ता. क. नमुने पाठवणाऱ्यांसाठी सूचनापत्रक काढणार असाल तर एक ओळ ठळक छापा. ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची असेल तर त्यांचे पाच मिलिमीटरपर्यंत जाडीचे तुकडे दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवावेत, ते गोठवू नयेत. विकर आणि औषधाचे अंश तपासायचे असतील तर त्याच अवयवाचा दुसरा भाग गोठवावा, त्याला फॉर्मॅलिनचा स्पर्शही होऊ देऊ नये. अख्खा पक्षी फॉर्मॅलिनच्या बरणीत बुडवून पाठवला तर कोलीनएस्टरेज मोजता येत नाही आणि आपल्याला पुन्हा ‘निरंक’ लिहावे लागते.